गाळलेली दोन पानं

दि. ४ मार्च

ती. ठिपकेआत्यास,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

फार वर्षांनी ब्रेलपाटी आणि टोचा हातात घेतलाय. बाबांनी सातव्या वर्षी शिकवलेलं बोटं विसरलेली नाहीत, पण चार ठिपके इकडेतिकडे पडले असतील. तू जन्मभर मुद्रितं तपासणारी बाई, पदरचं घालून वाच.

आईची तब्येत ठीक आहे. माझ्याकडे आल्यापासून दोन घास जास्त जेवते आणि माझ्या कपाटांना रोज नावं ठेवते, म्हणजे सुधारतेय.

काल तुमच्या ब्रेल छापखान्याच्या अध्यक्षांचं पत्र आलं. बाबांना जाऊन दोन महिने झाले आणि आता संस्था अकरा एप्रिलला स्मरणसभा घेतेय. एक पुस्तिकाही काढणार. डोळसांसाठी छापील, तुमच्यासाठी ब्रेल. मुलगी म्हणून मी आठवणी लिहायच्या. सोबत त्यांच्या भाषणाचा मसुदा आहे. चौतीस वर्षं संस्था वाढवून बाबांनी गेल्या मे महिन्यात, आईच्या आजारपणामुळे, स्वखुशीने किल्ल्या यांच्या हाती दिल्या म्हणे! आत्या, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबांना काढलं हे मला ठाऊक आहे. कसं काढलं ते ना त्यांनी सांगितलं, ना तू. आता सांग. आई म्हणते, माणूस गेला, आता वाद उकरू नका. मी उकरणार आहे.

तुझ्या शाबासकीच्या आशेवर असलेली,
भिंगरी


दि. ९ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझ्या पत्रात अकरा चुका निघाल्या. दादाची मुलगी म्हणून सहा माफ.

त्या अध्यक्षाला आम्ही छापखान्यात गुळगुळीत म्हणतो. कागद हातात घ्यावा आणि त्यावर एकही ठिपका लागू नये, तसं त्याचं बोलणं.

वहिनीच्या दोन ऑपरेशनांच्या वेळी दादा अठरा दिवस हॉस्पिटलात स्टुलावर बसून होता. तिचे केस स्वतः विंचरायचा, नर्सला कंगवा द्यायचा नाही. त्याच दिवसांत गुळगुळीतने बैठक बोलावली आणि ठराव करून घेतला की कार्यवाहांचं लक्ष घरात आहे, संस्थेत नाही. सबब ते निवृत्त झाले असं समजावं. एकोणिसाव्या दिवशी दादा कामावर आला तर दाराला नवं कुलूप. पहारेकऱ्याने त्याच्या ऑफिसातल्या चपला आणि चष्म्याचं घर पिशवीत घालून हातात दिलं. देताना तो रडत होता. भूगोलाच्या पुस्तकातले बोटांनी वाचायचे उठावाचे नकाशे अर्धे राहिलेत, तेवढे पुरे करू द्या, एवढंच दादाने मागितलं. नाही म्हणाले.

आता तुला माहीत नसलेलं सांगते. वहिनी नुकतीच घरी आली होती. तिला धक्का बसू नये म्हणून दादा पुढचे चाळीस दिवस रोज नऊला डबा घेऊन निघायचा, छापखान्यासमोरच्या बागेत बाकावर बसायचा आणि सहाला घरी जायचा. एक वाजता मी बाहेर यायचे, शेजारी बसून जेवायचे. तो नकाशातल्या नद्यांबद्दल बोलायचा. कुणाला सांगायचं नाही अशी त्याने मला शपथ घातली होती. आणि दोन वाजता मी पुन्हा आत जाऊन त्या गुळगुळीतच्या हाताखाली कामाला बसायचे. उभ्या जन्मात मला एवढी लाज कशाची वाटलेली नाही.

शपथ मोडली. सगळं लिही, तारखांसकट.

तुझ्या रागाला माझा आशीर्वाद आहे.
आत्या


दि. २० मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. पदराचं टोक गुंडाळत ती ऐकत होती. मग म्हणाली, तो डबा मीच भरत होते. टाके ओले होते, उभं राहवत नव्हतं, म्हणून खुर्ची ओढून बसून भरायचे. अठरा दिवसांचं काम साचलं असेल, भूक लागेल, म्हणून जरा जास्तच घालायचे. मग मला म्हणाली की हेही लिही, आणि वन्संना कळव, आता सोडायचं नाही. आत्या, माझी गरीब गाय आई असं बोलली!

लिहिलं. सहा पानं झाली. ब्रेल शिकवताना बाबा माझी नखं स्वतः कापायचे, बोटं म्हणजे डोळे आहेत म्हणायचे, ते लिहिलं. तू आंधळी म्हणून शाळेत घेत नव्हते, तेव्हा स्वतः अकरा वर्षांचे असताना त्यांनी जाड पुठ्ठ्यावर दाभणाने तुला अक्षरं टोचून दिली, ते लिहिलं. शेवटच्या दोन पानांत ठराव, कुलूप, बाक आणि डबा.

काल मजकूर परत आला. पहिली चार पानं हृदयस्पर्शी आहेत म्हणे. शेवटच्या दोहोंवर लाल फुली, समासात लिहिलंय, जागेअभावी. मी सभेला येतेय. त्यांच्या हातातला माईक हिसकावून घेणार आहे.

तुझीच,
भिंगरी


दि. २६ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तू यायचं नाहीस. तुला पाहिलं की तो सावध होईल, आणि आरडाओरडा केलास तर उद्या सगळे म्हणतील, दुःखाने मुलीचं डोकं फिरलं.

गाळलेली दोन पानं ब्रेलमध्ये टोचून मला पाठवलीस, चांगलं केलंस. ब्रेलचं शेवटचं मुद्रित माझ्याच बोटांखालून जातं आणि दादाला काढल्यापासून वरच्या मजल्यावर, ऑफिसात, ब्रेल वाचणारं एकही माणूस उरलेलं नाही. मशीनवर ठिपके उठवणाऱ्या माझ्या मैत्रिणीला मी सगळं वाचून दाखवलं. तिने दुसरं काही विचारलं नाही, फक्त किती प्रती काढू ते विचारलं. काल गुळगुळीत नमुना बघून गेला. पानांवरून तळहात फिरवला, सुबक झालंय म्हणाला आणि सही केली. त्यात तुझी सहाही पानं आहेत.

नोकरी जाईल, ठाऊक आहे. दादाला हे रुचलं नसतं हेही ठाऊक आहे. तो असता तर मला फैलावर घेतलं असतं. पण तो नाहीये. काम सुटलं तसा खचतच गेला, आणि ते कुणामुळे हे मी विसरणार नाही.

वहिनीला सांग, तिचा डबा शब्दन् शब्द घेतलाय.
आत्या


दि. १३ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

सभा झाली. सगळं क्रमाने सांगते.

हॉल भरला होता. दादाच्या पुस्तकांवर शिकलेली दोनशे तरी माणसं असतील, काहींनी तर आपली मुलंबाळं आणलेली. गुळगुळीतने हार घातला, फोटोवाल्यांना पुढे बोलावलं आणि जाहीर केलं की लेकीच्या आठवणी मी स्वतः वाचणार; प्रत्येकाने पुस्तिका उघडून सोबत बोटं फिरवावीत. फोटोसाठी सुचलेली त्याचीच कल्पना! मी मागून फक्त कागद सरकल्याचे आवाज ऐकत होते.

तो छान वाचतो, खोटं कशाला सांगू. नखांच्या जागी माझ्या शेजारची बाई रडली. चार पानं संपली, त्याने पुस्तिका मिटली आणि किल्ल्यांची गोष्ट सुरू केली. पण बोटं थांबेनात, कारण ब्रेल प्रतीत पुढे आणखी दोन पानं होती. कुणी टाळी वाजवली नाही. मग दादाचे एक जुने विद्यार्थी, पियानो दुरुस्त करणारे, उठले आणि त्यांनी अगदी अदबीने विचारलं की आमच्या हातात लिहिलंय ते अध्यक्ष का वाचत नाहीत.

तो हसला. छपाईची चूक असेल, आपल्या मुद्रितशोधक बाई खुलासा करतील म्हणाला. मी माईकपाशी गेले आणि खुलासा म्हणून ठरावापासून वाचायला लागले. कुलपापर्यंत आले तेव्हा त्याने माईक बंद करवला. मी थांबले. तेवढ्यात पुढच्या रांगेत कुणीतरी तिथूनच वाक्य उचललं. मग दुसऱ्याने, मग मागच्या भिंतीपाशी चौघींनी. भिंगरी, अख्खा हॉल आपापल्या जागेवरून मोठ्याने वाचत होता, कुणी पुढे, कुणी मागे. चाळीस दिवस, बाक, डबा. तो ओरडत होता, पण त्याचा एक शब्द कुणाला ऐकू गेला नाही. दारात पुस्तिका परत घ्यायला त्याने माणसं उभी केली. एकही प्रत मिळाली नाही. कार्यकारिणीतल्या दोघांनी तिथेच त्या ठरावाच्या बैठकीचं इतिवृत्त मागितलं.

आज सकाळी त्याने मला वर बोलावलं. या वयात असं वागताना काही वाटलं नाही का, असं विचारलं. मी म्हटलं, वाटलं, बरं वाटलं. मला कामावरून कमी केलं. मग जरा आवाज उतरवून विचारलं की उरलेल्या प्रती कुठे आहेत. मी सांगितलं की सभेच्या आदल्या दिवशीच टपालात टाकल्या, दूरदूरच्या प्रत्येक अंधशाळेला एकेक. सोबत तुमच्या सहीचं पत्र आहे, नमुन्याबरोबर सरकवलेल्या ब्रेल कागदावर तुम्ही न वाचताच सही केली होतीत. पुस्तिका वर्गात मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावी, अशी तुम्ही विनंती केली आहे.

त्याची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मी जिना उतरून घरी आले.

वहिनीला नमस्कार सांग आणि हे तिला दोनदा वाचून दाखव. आता मी रिकामी आहे, पत्रं लांबलचक येतील. कंटाळू नकोस, माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ठिपकेआत्या