ओलांडलेलं कपाळ

रीडिंग, इंग्लंड
रविवार, १० फेब्रुवारी २००२

प्रिय मधू,

तुझे गुडघे काय म्हणतात? जिना चढताना अजून कठड्याला धरावं लागतं का? नंदूची ॲसिडिटी कशी आहे? बाहेरचे वडे बंद केलेत, की आईच्या नजरेआड चालू आहेत? सूनबाईंचा खोकला थांबला का? आणि मागच्या अंगणातली ती लंगडी मांजर, ती आहे का अजून? सगळ्यांचं वेगवेगळं लिही, "सर्व ठीक" असं एका ओळीत गुंडाळू नकोस. तुझ्या हातचं पत्र येऊन किती वर्षं झाली! नंदूच लिहितो, आणि खाली तुझी सही तेवढी असते.

इकडे हे बरे आहेत. जन्मभर इस्पितळात लोकांना दटावलं, आता स्वतःची साखर तपासतात आणि आकडा माझ्यापासून लपवतात. राजीवची उर्वी अकरा वर्षांची झाली. "आजी, माझा मराठी खूप चांगली आहे," म्हणते. मीही मान डोलावते. माझं इंग्रजी तरी कुठे शाळेतलं आहे? सातवी शिकून आलेली मी, विणकामाच्या पुस्तकांवरून अक्षरं लावत शिकले.

थंडी फार आहे. मंडळाचं हळदीकुंकू गेल्याच्या गेल्या शनिवारी झालं. वाण म्हणून चहाच्या गाळण्या वाटल्या. हलवा घरी केला होता, काटा बरा आला.

आमच्या मंडळात आता बहुतेक कॉम्प्युटरवाल्यांच्या घरच्या तरुण मुली आहेत. नीना सेक्रेटरी आहे. चुणचुणीत पोरगी, माझी औषधंही आणून देते. चर्चचा हॉल आम्ही भाड्यानं घेतो. त्याच्याच पलीकडच्या खोलीत डिसेंबरपासून दर शनिवारी, या देशात आश्रय मागायला आलेल्या लोकांना गरम सूप आणि जुने कपडे देतात. कुणी बोटीनं आलेलं असतं, कुणी लॉरीत लपून. पेपरात रोज त्यांचे फोटो, जशी काही टोळधाडच आली आहे. नीनानं कौन्सिलला पत्र लिहिलं, की या लोकांमुळे आमच्या बायकामुलांना भीती वाटते, शनिवारचं हे बंद करा. वयानं मोठी, शिवाय डॉक्टरांची बायको, म्हणून पहिली सही माझी घेतली. मी केली. चष्मा न लावता केली, असं लिहिणार होते, पण चष्मा होता.

घरी उर्वीनं विचारलं, "आजी, पण तू पण बोटनीच आला ना?"

"तिकीट काढून आले गं," मी म्हटलं.

"मग तिकीट नसता तर आजोबा तुला घरात घेतला नसता?"

हे पेपरामागे हसले. मला हसू आलं नाही. मुंबईहून निघालेली ती बोट, अठरा दिवस ओकाऱ्या, आणि टिलबरीच्या धक्क्यावर ओळखीचा एक चेहरा शोधणं, सगळं आठवलं. हे दिसले नसते तर मी कुठे गेले असते, मधू?

तर हळदीकुंकवाचं सांगत होते. छान झालं. फक्त एका बाईला कुंकू लावायचं राहून गेलं.

राहून गेलं म्हणजे काय, सांगते. पलीकडच्या खोलीतून एक बाई दारात येऊन उभी राहिली. अंगात कुणाचा तरी ढगळ पुरुषी कोट, गळ्यात मंगळसूत्रासारखा पिवळा दोरा, कपाळ मोकळं. कुंकवाचं तबक पाहून तिचा चेहरा असा उजळला, की जणू माहेरचं कुणी भेटलं. कुणीतरी पर्स जवळ ओढली. ती रांगेच्या शेवटी येऊन उभी राहिली. नाव विचारलं तर म्हणाली, सेल्वी. लंकेतली तमिळ.

तबक माझ्याच हातात होतं. बोट कुंकवात बुडवलं, आणि सवयीनं तोंडातून गेलं, "हजबंड?"

तिनं दोन बोटं वर केली. "टू बोट. माय बोट, इटली. हिज बोट..." आणि तळहात उघडून दाखवला. रिकामा.

मग तिनं डोळे मिटले आणि चेहरा वर केला.

मी पुढे गेले, मधू. तिच्या हातावर हलवा ठेवला आणि तबक घेऊन पुढच्या मुलीकडे वळले. मागे पाहिलं तेव्हा ती अजून डोळे मिटून तशीच उभी होती. नंतर तिनं डोळे उघडले. हलव्याची मूठ मिटली आणि निघून गेली. आपला नवरा आहे की नाही, हे तिलाच ठाऊक नव्हतं, आणि मी त्या हॉलमध्ये उभी राहून निकाल देऊन टाकला. व्हिसाच्या खिडकीपलीकडचा माणूस शिक्का मारायचं नाकारतो ना, तसा.

आठवडाभर जेवण गेलं नाही. काल करंडा घेऊन हॉलवर गेले. सूप वाढणारी गोरी बाई म्हणाली, तिला बुधवारी ग्लासगोला हलवलं. पत्ता देता येत नाही.

तिथून तशीच नीनाच्या घरी गेले.

"माझं नाव खोड."

"काकू, एका बाईसाठी? अशा हजारो येतील. आपण रांगेत उभं राहून व्हिसा काढतो, टॅक्स भरतो."

"खरं आहे तुझं. नाव खोड."

"पहिलीच सही खोडलेली! पत्राची शोभा होईल."

"होऊ दे."

तिनं पेन दिलं नाही. माझ्या पर्समध्ये होतं. दारापर्यंत येऊन म्हणाली, "मग पुढच्या वर्षी हॉल तुम्हीच शोधा हं." बाकीच्या सह्यांसकट पत्र उद्या जाईलच. येत्या शनिवारपासून मी सूप वाढायला जाणार आहे. सेल्वी तिथे नाही, हे माहीत आहे.

हे सगळं तुलाच का लिहिते, ते तुला एव्हाना कळलं असेल. मला मात्र कळायला एकोणतीस वर्षं लागली.

त्र्याहत्तरची संक्रांत. मी इंग्लंडहून पहिल्यांदा मिरजेला आले होते. रघुवीरभावोजींना जाऊन दोन वर्षं झाली होती, तुला तिशीही लागली नव्हती. उसाच्या करव्यांचं ताट घेऊन तू बाहेर आलीस, आणि भान नसल्यासारखी बायकांच्या ओळीत थांबलीस. मी तबक घेऊन तुझ्यासमोर आले. तू चेहरा वर केलास. डोळे मिटलेले.

मी शेजारच्या वहिनींकडे वळले.

ताट खाली ठेवून तू आत गेलीस. त्यानंतर कुठल्याही हळदीकुंकवाला बाहेर आली नाहीस, आणि मला कधी एक शब्द बोलली नाहीस. मी मनाला सांगत राहिले की रीतच आहे, मी काय करणार. पण तबक रीतीच्या हातात नव्हतं, माझ्या हातात होतं.

सेल्वीचा पत्ता मला कुणी देणार नाही. तुझा आहे.

पाकिटात कागदाची एक पुडी आहे. त्याच करंड्यातलं कुंकू आहे. रथसप्तमीच्या आत पोचलं तर बरं. लावायचं की देवापुढे ठेवायचं की नळाखाली सोडून द्यायचं, ते तू ठरव. मी विचारणार नाही. पण पुडी पोचली, एवढं तरी लवकर कळव. आणि या खेपेला नंदूला लिहायला सांगू नकोस. दोन ओळी का असेनात, रागाच्या असल्या तरी चालतील, तुझ्या हातच्या हव्यात.

वाट पाहते आहे.

तुझी
लीलाताई