बिट्टीच्या जागी

बिबवेवाडी, पुणे
डिसेंबर १९८६

प्रिय आनंदीबाई,

विहीणबाईंना पत्र लिहिताना आधी साष्टांग, सप्रेम असं काहीबाही घालायचं असतं, हे मला ठाऊक आहे. पण तेवढा वेळ नाही. आणि वर्षभर आपण एकमेकींशी बोललो नाही म्हणून तुमच्यावरचा माझा जीव कमी झालेला नाही, तेव्हा ‘प्रिय’च राहू दे. हे मार्केट यार्डाकडे शेणखत सांगायला गेले आहेत. ते परत यायच्या आत मला हे लिहून संपवायचं आहे. व्हरांड्यात माझ्या खुर्चीला लागून एक रोप ठेवलेलं आहे आणि मी त्याच्यावर पाळत ठेवून बसले आहे. रोपावर कसली पाळत ठेवते ही बाई, असं तुम्ही म्हणाल. जरा पुढे वाचा.

मैना आमच्या फाटकाच्या आत आली, त्याला वर्ष उलटून गेलं. प्रमिला येते, एकटीच येते. खुर्चीच्या कडेवर बसते, चहा अर्धा टाकते, मैना बरी आहे, बडबड फार करते, एवढं सांगते आणि घड्याळाकडे बघायला लागते. मी लेकीला दोष देत नाही, तुमच्या श्यामरावांनाही नाही. तुमच्या घरात तुमचा शब्द चालतो, हे मी लग्नाच्या बोलण्यांतच ओळखलं होतं. आमच्याकडची जिलबी तुम्ही तशीच परत पाठवली होतीत. ती मऊ पडली होती, हे मीही कबूल केलं असतं, कुणी विचारलं असतं तर. असो. मला नात दिसत नाही याचं मला दुःख आहे आणि ते मी रोज गिळते. पण आज मी माझ्या दुःखासाठी लिहीत नाही.

त्या दिवशीचं तुम्हाला नव्याने सांगायला नको. पण तुम्ही दवाखान्यात आलात त्याच्या आधीचं तुम्ही पाहिलेलं नाही. फाटकाजवळचं ते पिवळ्या कण्हेरीचं, बिट्टीचं झाड ह्यांनी घर बांधलं तेव्हाच लावलं होतं, देवाला रोज पिवळी फुलं मिळावीत म्हणून. आमच्या पिढीत कुणी बिट्ट्यांनी खेळलं नाही असं आहे का? तुमच्याही परकराच्या ओच्यात असतीलच. एक वर उडवायची, खालच्या गोळा करायच्या, वरची मुठीत झेलायची. ह्यांनी त्या वाळक्या बिया मैनाच्या ओंजळीत दिल्या आणि पायरीवर बसून तिला खेळ शिकवत होते. इतके खूश होते की मला हाक मारून बघायला बोलावलं. मग हे तिच्यासाठी पाणी आणायला आत आले. पोरीला आणखी बिट्ट्या हव्या होत्या, ती झाडाखाली गेली आणि खाली पडलेलं हिरवं फळ तिने चावलं. परत आले तेव्हा तिच्या हनुवटीवर पांढरा चीक होता. तिला उचलून हे अनवाणी रस्त्यावर धावले, चष्मा पायरीवरच राहिला. मी मागोमाग रिक्षात चढले. तिचं अंग गार पडत चाललं होतं आणि हे तिच्याशी सारखं बोलत होते, तिने झोपू नये म्हणून. पुढचं सगळं तुमच्यासमोरच झालं. पोर वाचली. त्या एका गोष्टीसाठी मी देवाशी भांडायचं सोडून दिलं आहे.

ती घरी गेली त्या दिवशी ह्यांनी झाड तोडलं. बुंधा खणून काढला, मुळं काढली, एक एक बी वेचली. इथवर मला समजत होतं. पण मग लाल कण्हेर गेली, रुई गेली, कुंपणावरची घाणेरी गेली. मग माझी शेवंती गेली, जिने कुणाचं काही वाईट केलं नव्हतं. पंधरा-वीस वर्षांची बाग होती ती. उन्हाळ्यात नुसता मुरूम उरला, आणि शेजारच्या मथुराबाईंनी विचारलं, प्लॉट बिल्डरला दिला की काय? मी म्हटलं, हो, तुम्हाला कळवायचं राहिलं. ह्यांना हसू आलं नाही. एरवी अशा बोलण्यावर सगळ्यात आधी हेच हसायचे.

मग एके दिवशी ह्यांनी कागद पसरला. खडकवासल्याला पाटबंधारे खात्यात जन्मभर नकाशे काढले, हाताला ती सवय आहेच. आमच्या प्लॉटचा उतार मागून फाटकाकडे आहे, पावसाचं पाणी नेमकं बिट्टीच्या जागी साचायचं आणि तिथं शेवाळ धरायचं. ह्यांनी उताराला आडव्या दोन बुटक्या दगडी पायऱ्या घेतल्या, कडेने पाण्याला वाट करून दिली, मुरूम काढून काळी माती आणि शेणखत भरलं. मधून शहाबादी फरशीची वाट काढली, तिलाही बाक दिला. कशाला, विचारलं तर म्हणाले, सरळ वाटेवर लहान मूल धावतं आणि पडतं. फरश्यांचे कोपरे घासून गोल केले. सावली कुठे पडते ते दिवसभर चुन्याने आखत बसायचे. मैनाचं नाव एकदाही घेतलं नाही, पण पहिल्या पायरीची उंची तिच्या गुडघ्याएवढी आहे, हे मला दिसत होतं. मला बरं वाटलं, आनंदीबाई. वाटलं, माणूस सावरला.

रोपांसाठी हमीदभाईंच्या नर्सरीत जायला लागले. हमीदभाई आमच्या मागच्या गल्लीत राहतात, इतक्या वर्षांचा घरोबा आहे. पहिले काही दिवस मीही बरोबर जायचे. फुलांनी लगडलेलं रोप हे घ्यायचेच नाहीत. ते बाजारासाठी सजवलेलं असतं, म्हणायचे, जमिनीत गेलं की रडतं. पान उलटं करून खाली पांढरे किडे आहेत का बघायचे. पिशवीच्या बुडातून मुळं बाहेर येऊन गोल गोल वळली असतील तर परत ठेवायचे. बुटकं, भरगच्च, नव्या फुटव्याचं रोप दिसलं की चेहरा उजळायचा. जास्वंद आणली, पेरू आणला, कढीपत्ता, गवती चहा, डाळिंब, मोगरा. एवढं पारखून तर आम्ही प्रमिलासाठी स्थळ पाहिलं नव्हतं, असं मी म्हटलंसुद्धा. तुम्ही रागावू नका, तुमचं स्थळ चांगलंच निघालं.

मग त्यांनी मला बरोबर न्यायचं बंद केलं. त्याच सुमाराला ह्यांचं पोट बिघडायला लागलं. आज उलटी, उद्या जुलाब, परवा नुसतीच भूक नाही. डॉक्टरांनी वय, गॅस, चहा कमी करा, असं सगळं सांगून झालं. शर्टाची कॉलर सैल पडली. एकदा सकाळी जीभ सुजली, ओठ जाड झाले, दिवसभर बोलता येईना. मला खुणेने सांगितलं, मौन आहे. मौन! हे कधी साधा उपास धरत नाहीत. तरी मी विश्वास ठेवला. मैनाची आठवण माणसाला आतून खाते आहे, एवढंच मला वाटत होतं.

गेल्या आठवड्यात हमीदभाई मागच्या दाराने आले. आत यायला तयार होईनात. शेवटी म्हणाले, “वहिनी, साहेब प्रत्येक रोपाचं पान तोडून खातात. मी हात धरला तर म्हणाले, विकत घेतोय ना?” हमीदभाईंनी त्यांना कोणतं झाड विषारी, कोणतं नाही, सगळं सांगून पाहिलं. हे म्हणे मान हलवतात, आभार मानतात आणि पान तोंडात घालतात. खायचं, दोन दिवस थांबायचं, काही झालं नाही तर रोप जमिनीत लावायचं, झालं तर परत करायचं. आमची सगळी नवी बाग अशी त्यांच्या पोटातून गेली आहे.

त्या संध्याकाळी मी ह्यांना धरलं. ओरडले, रडले, देव्हाऱ्यावर हात ठेवायला लावला. हे शांतपणे म्हणाले, “मैनाच्या आधी माझ्या तोंडात गेलेलं बरं.” मी म्हटलं, अहो, पुस्तकं आहेत, शेतकी कॉलेज आहे, तिथं माणसं बसलेली आहेत. त्यावर म्हणाले, बिट्टीबद्दल आपल्याला कमी माहिती होती का? वीस वर्षं दारात होती. पण देव्हाऱ्यावर हात ठेवला होता, म्हणून निर्धास्त राहिले. आता आठवून पाहते तर हात ठेवला होता, तोंडाने काहीच म्हणाले नव्हते.

आता फक्त फाटकाजवळचा तो कोपरा राहिला आहे, बिट्टीचा. तिथं काय लावायचं ते ठरत नव्हतं. काल हे खडकवासल्याला जुन्या सोबत्याकडे, दत्तोबांकडे, जाऊन आले, तिथून हे रोप आणलं. तुकतुकीत पानं, गुलाबी कळ्या, देखणं आहे. दत्तोबांना नाव माहीत नाही. आज सकाळी हमीदभाई मुद्दाम बघायला आले, त्यांनाही ओळखता आलं नाही, पण देठ मोडला तर टपकन पांढरा चीक आला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी त्यांच्याकडे. हे तिथंच उभे होते. म्हणाले, “चीक तर चिकूलाही असतो.” आणि टोपी घालून खत सांगायला निघून गेले, जाताना रोपाला पाणी घालून. कोपऱ्यात खड्डा खणून तयार आहे. म्हणजे पान आजच खाल्लं जाणार. मी फेकून देईन हो रोप, उचलून नाल्यात टाकीन. पण मग हे दुसरं आणतील आणि ते मला दाखवणार नाहीत. निदान हे एक माझ्या नजरेसमोर आहे. मला भीती वाटते, आनंदीबाई. इतकी भीती मला त्या रिक्षातसुद्धा वाटली नव्हती, कारण तेव्हा हे माझ्या बरोबर होते.

आता तुम्हालाच का लिहिते, ते सांगते. दवाखान्याच्या त्या लांब व्हरांड्यात तुम्ही ह्यांच्यासमोर उभ्या राहून एक वाक्य बोललात. “आपल्या अंगणात काय लावलंय हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्याकडे मी माझी नात पाठवणार नाही.” तुम्ही चुकलात असं मी म्हणणार नाही. आत पोर मरणाच्या दारात होती, तुमच्या जागी मी असते तर याहून वाईट बोलले असते. पण ह्यांनी ते वाक्य शब्दशः धरून ठेवलं आहे. आपल्या अंगणात काय लावलंय ते हे एक एक पान खाऊन ठाऊक करून घेताहेत, तुम्हाला सांगता यावं म्हणून. माझं ऐकत नाहीत, लेकीचं ऐकत नाहीत, डॉक्टरांचं ऐकायचा प्रश्नच नाही. ते वाक्य आमच्यापैकी कुणाचं नाही, म्हणून आम्हाला ते मागे घेता येत नाही. मी मैनाला मागत नाही. तिला पाठवायचं की नाही, ते नंतर बाग बघून तुम्ही ठरवा, पुढच्या वर्षी ठरवा, वाटल्यास नका पाठवू. आज फक्त तुम्ही या. त्या वाकड्या वाटेवरून एकदा चाला आणि ह्यांना सांगा, की श्रीधरपंत, तुम्हाला ठाऊक आहे, मला पटलं, आता पुरे. हमीदभाई हे पत्र घेऊन येरवड्याला तुमच्या दाराशी येतील आणि रिक्षा थांबवून ठेवतील. उत्तर लिहीत बसू नका, पायात चपला घाला आणि निघा. हे रोप मी आता मांडीवर घेते. तुम्ही फाटकातून आत आलेल्या दिसेपर्यंत मी ते सोडणार नाही.

तुमचीच,
सुनीती