दंडातली नळी आणि तुझे बाबा

प्रिय छबे,

फोनवर तू विचारतेस आणि मी 'बरी आहे' म्हणून ठेवून देते, कारण तुझे बाबा शेजारीच ऐकू येत नसल्याचं सोंग करून बसलेले असतात. म्हणून आज लिहितेच.

केमोसाठी माझ्या दंडातून जी नळी घातली आहे, तिचं टोक थेट हृदयाजवळ पोचलंय. हे ऐकून चाळीस वर्षं प्लंबिंग केलेल्या माणसाने डॉक्टरांना काय विचारावं? "जोड कुठे दिलाय?" डॉक्टर म्हणाले, जोडच नाही, एकसंध आहे. तेव्हापासून त्या डॉक्टरांबद्दल यांना फार आदर.

दर आठवड्याला पट्टी बदलायला आणि नळीत सलाइन सोडायला सिस्टरांनी यांना शिकवलंय. पट्टीच्या दिवशी मला शिंकायचीही चोरी. खिडक्या बंद, पंखा बंद, दोघांच्या तोंडाला मास्क. आंघोळीआधी दंडाला प्लास्टिक असं गुंडाळतात की मी पार्सलच वाटते. तरी परवा कडेने पाणी शिरलंच. पट्टी लगेच बदलली, पण "माझ्या हातचं गळलं!" म्हणून दिवसभर तोंड पाडून बसले.

मागच्या महिन्यात तर नळीच तुंबली. सलाइन पुढे जाईना. यांच्या डोळ्यांत जुनी चमक दिसली आणि मी दंड मागे घेतला. पण यांनी सिरिंज खाली ठेवून हॉस्पिटलला फोन लावला. सिस्टरांनी घाबरून विचारलं, "काका, जोर नाही ना लावला?" हे म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदाच नाही लावला." तिथे औषध घालून तासाभरात नळी मोकळी झाली.

आता खरं सांगते. या रविवारी पट्टी काढताना त्यांचा हात थरथरला. थांबले, पुन्हा हात धुऊन आले, पुन्हा थरथरला. शेवटी सिस्टरांकडूनच करून आणलं. परतताना बसच्या खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पोरीचा हात स्थिर आहे." त्यांच्या हाताखाली प्लंबिंग शिकून तू त्यांना सोडून स्वतःचं दुकान काढलंस, त्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून त्यांनी तुझा विषय काढला नव्हता. घरी आल्यावर म्हणाले, "तिला बोलाव. मी सांगितलं म्हणू नकोस." तेव्हा त्यांनी काहीही सांगितलेलं नाही, हे नीट लक्षात ठेव आणि शनिवारी ये.

तुझी वाट बघणारी,
तुझीच आई