हारातला लाल गुलाब

मंगळवार, संध्याकाळ

डोकं फिरलंय माझं. आईच्या लग्नातले हार सीताबर्डीच्या त्याच दुकानातले, म्हणून माझेही तिथूनच! फुलवाल्याला तीनदा जाऊन सांगितलं, की लग्न बौद्ध पद्धतीचं आहे, माझी साडी पांढरी आहे, हारही पांढराच हवा. नुसता निशिगंध. एवढं अवघड आहे का हे?

"पूरा पांढरा? मयतीचा वाटते न," म्हणे. आणि हे सांगतो कोणाला, तर माझ्या भावाला! अरे, नवरी कोण आहे?

शेवटी हो-हो म्हणाला. आज नमुन्याचा हार घरी पाठवला, आणि त्यात मधोमध टपोरा लाल गुलाब. फोन केला तर, "शगुनाचा आहे ताई, राहू द्या."

आईनं तरी माझी बाजू घ्यावी? तर ती म्हणते, "एका गुलाबानं काय होते वं?"

काय होते म्हणजे? माझ्या गळ्यात काय असावं, हे त्यानं ठरवायचं? की मीच उगाच ताणतेय? नाही. एकच गुलाब, पण तो मला नकोय. रागारागानं ओढला, तर दोराच तुटला. सगळा निशिगंध फरशीवर.

वाटलं, आता आई ओरडणार. ती खाली बसून फुलं वेचायला लागली. मग मान वर न करता म्हणाली, "या फुलवाल्याच्या बापानं माह्या हारातही असाच एक लाल टाकला होता. मी काही बोलली नाही."

आणि उठून सुई-दोरा घेऊन आली.