इंदूरकरांची खोली

नाशिक,
१८ ऑगस्ट

तीर्थरूप दादा,

साष्टांग नमस्कार. गुडघ्यांमुळे आठांपैकी दोन अंगं सध्या रजेवर आहेत; उरलेल्या सहांवर भागव.

पुण्यात डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं. पट्टी असेल तर हे पत्र मृण्मयीला वाचायला सांग. तुझी लेक एका दमात वाचते, त्यामुळे तुला मध्येच 'पण सरू' म्हणता येणार नाही. फोन न करता पत्र लिहिण्याचं कारणही तेच.

इकडे ठीक. गोदेला पाणी बेताचं आहे. तुझ्या जागी बसणाऱ्या दिनेशगुरुजींचा संकल्प इतका भरधाव असतो, की यजमानाला स्वतःचं गोत्र आठवेपर्यंत तर्पण उरकलेलं असतं. वहिनी बऱ्या आहेत. हल्ली त्या फोनवर तुझ्याशी फक्त पावसाबद्दल बोलतात, याचं तुला नवल वाटलं असेल.

शाळेतली संस्कृतची नोकरी सोडून मी दवाखान्याच्या गाडीत नक्की काय करते, असं तू नेहमी विचारतोस. मुलांची वजनं करते, आणि आमची डॉक्टर तेजश्री जे मराठीत सांगते ते पुन्हा मराठीतच समजावून सांगते. पेठकडे जुलैत ज्या पाड्यावर डोंगर खचला, तो अजून आश्रमशाळेच्या सभागृहात राहतो आहे. भात, नागली, सगळं गाळाखाली.

तिथे मैना नावाच्या बाईचा सनी पाहिला. अडीच वर्षांचा. गाल गुबगुबीत, पाय भरलेले. मी मनात म्हटलं, चला, एक तरी बाळसं धरलेलं निघालं. आप्पा शिकवायचे तो लठ्ठ देवदत्त आठवतो? दिवसा जेवत नाही आणि तरी लठ्ठ, म्हणजे रात्री जेवत असणारच, असं आपण ओसरीवर घोकायचो. तेजश्रीने सनीच्या पावलावर अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला. ती उपासमारीची सूज होती. हा देवदत्त दिवसाही जेवत नव्हता आणि रात्रीही.

त्याला इथे नाशकात आणून दवाखान्यात दाखल केलं. तिथे बाळाला खाट आणि आईला जेवण मिळतं. भावंडांची सोय नाही. मैनाची सुवर्णा सात वर्षांची, नवनाथ चारचा. नवरा वाल्मीक वापीकडे मजुरीला. शेजारणी मुलांना बघत होत्या, पण आता त्याही कामाला बाहेर पडणार, मुलांना घेऊन जा, असा निरोप आला. त्यातच सूज उतरू लागली आणि सनीचं वजन घटलं. ते चांगलं लक्षण असतं, पण आईला ते कसं पटावं? मैनाने गाठोडं बांधलं.

तेजश्रीने बजावलं, आत्ता नेलंस तर हा वाचायचा नाही, दोन आठवडे तरी हवेत. मैना तिच्याकडे न बघता मला म्हणाली, "एकाला भरवू आन् दोघांना सोडून देऊ? बाई, तुमी शिकलेल्या. तुमीच सांगा, कोनाला ठेवू?"

मला एक किल्ली आठवली. 

म्हणजे किल्ली वहिनींकडे होती, मी फक्त मागितली. इंदूरकरांच्या खोलीची. माझं घर सकाळी सातला कुलूपबंद होतं; तुझ्याकडे दिवसभर वहिनी असतात. तर सुवर्णा आणि नवनाथ रविवारपासून त्या खोलीत आहेत, आणि मैना दुपारी दवाखान्यातून येऊन त्यांना बघून जाते. श्रावणी सोमवारासाठी इंदूरकर शनिवारी तिथेच उतरायला येणार, हे मला माहीत आहे. तीन पिढ्यांचे यजमान आहेत, हेही. त्यांना काय सांगायचं हा तुझा अधिकार. तो मी घेतलेला नाही. बाकीचे बरेच घेतले.

आणखी एक, जे खरं तर लिहायचं नव्हतं. नवनाथच्या दंडाचा घेर मोजला तर पट्टी पिवळ्या रंगावर थांबली, म्हणजे तोही कुपोषणाच्या वाटेवर, म्हणून तेजश्रीने त्याला रोज अंडं सांगितलंय. मी घरून उकडून आणते, तो परसात बसून खातो, टरफलं मी पिशवीतून परत नेते. वहिनी तेवढा वेळ जप करतात. नवनाथ फार सावकाश खातो; वहिनींचं पुण्य वाढतं आहे.

सनीने काल वाटी स्वतःकडे ओढली. एवढीच बातमी. तेजश्री म्हणते, अजून काही सांगता येत नाही.

मैना राहिली ती मात्र माझ्या एका वाक्यावर. रविवारी मुलांना घेऊन आली, तेव्हा ती खोलीच्या दारातच थांबली. "घरधनी आल्यावर हाकलनार तर नाय? तसं आसंल तर आत्ताच जाते. पोरांना सवय नको."

मी म्हटलं, "दादांनीच सांगितलंय."

इतकी वर्षं शुद्धलेखन तपासलं, पण इतकं स्वच्छ खोटं कधी बोलले नव्हते.

शनिवारी दुपारी तू घरी उतरशील तेव्हा ती तिथे असेल आणि तुलाही विचारील. तुला ओळखत नाही, पण माणसाचा चेहरा तिला पटकन कळतो. तू क्षणभर घुटमळलास तरी ती तिघांना उचलून पेठची गाडी धरील, आणि सनीचं काय होईल ते तेजश्रीने सांगितलंच आहे. म्हणून हे आधी लिहिलं. रागवायचं ते पुण्यातच रागावून घे, मृण्मयीला सवय आहे. इथे दारात मात्र चटकन बोल.

तुझा शब्द तुला न विचारता देऊन बसलेली,
सरू