आठवड्यातून एकदाच शिकवा

घाना टाऊन, ब्रूफुत, गॅम्बिया
मंगळवार, १० फेब्रुवारी १९९८

अराबा ताईस,

फिफीचा नमस्कार. मी बरा आहे, तुम्हीही सगळे बरे असाल असं धरून चालतो. आमचा तांडेल आपल्या गावच्या रीतीप्रमाणे मंगळवारी होडी लोटत नाही, म्हणून आज लिहायला बसलो. अक्षर लागलं नाही तर डॅडझी मास्तरांकडून वाचून घे. नाही, त्यांच्याकडून नको. पुढे त्यांचाच विषय आहे.

तुझं पत्र मिळालं. क्वांसा मामांनी आई गेल्यानंतरच्या आठव्या दिवसाच्या बैठकीत सगळ्या कुळासमोर सांगून टाकलं म्हणे, की माझी लेक एकुआ आईचं आवडतं भजन चर्चच्या पियानोवर दोन्ही हातांनी वाजवेल त्याच दिवशी आईला पुरायचं. लोकांनी वाहवा केली असणार. मामांना वाहवा फार आवडते. आता कुळाच्या मुख्याचा शब्द बैठकीत पडला तो पडला, परत कोण घेणार? आणि पोर आठ वर्षांची. उजवा हात चालला की डावा मांडीवर झोपतो, असं तू लिहितेस.

तोवर आई इस्पितळाच्या थंड खोलीत.

तुला रोज तासभर शिकवणी हवी. पियानो शिकवणारे डॅडझी मास्तर म्हणतात रोज चालेल, पण अर्ध्या तासाच्या वर नको, कारण दमलेलं पोर चुकाच पाठ करतं. तुमचं दोघांचं जमेना म्हणून तू मला विचारलंस, बाप म्हणून.

तर माझं मत असं. आठवड्यातून एकदाच शिकवा, रविवारी, चर्च सुटल्यावर. रोज त्या उन्हातून पोरीने टेकडी चढायची कशाला? आणि पियानोच्या त्या पट्ट्या, खाऱ्या हवेने फुगलेल्या, मोठ्या माणसाची बोटं दुखतात. शाळा आहे, अभ्यास आहे. घाई केली की मुलं एखाद्या गोष्टीचा कायमचा राग धरतात. सावकाश होऊ दे. आई काही घाईची नव्हती.

इकडची खबर म्हणजे शार्क मासे आता लांब गेलेत, आम्ही चार-चार रात्री पाण्यावर काढतो. हंगाम पावसाच्या तोंडाशी संपेल. त्याआधी होडी सोडली तर तांडेल पुन्हा घेणार नाही, हे तुला माहीत आहे. मी हंगामानंतर येतो म्हणालो होतो ते खरंच आहे. रविवारी रविवारी शिकवलं तर मला वाटतं साधारण तेव्हाच

इथे थांबून जेवायला गेलो होतो. परत आलोय. वरचं खोडलं नाही, राहू दे.

ताई, आईचं इथे मी कुणाला सांगितलेलं नाही. तांडेल रोज विचारतो, म्हातारी कशी आहे रे? मी म्हणतो, आराम करतेय. तो म्हणतो, चला, एकदाची बसली, नाहीतर आपल्या बायका मासे धुरावर घालता घालताच म्हाताऱ्या होतात. सगळे हसतात. मीपण हसतो. तिने पाठवलेली शितोची तिखट चटणी संपली तेव्हा होडीवरची पोरं म्हणाली, लिही की आईला, दुसरी बरणी पाठव म्हणून. मी लिहितो म्हणालो.

पण ज्या माणसाबरोबर तू पत्र पाठवलंस त्याने इसाक काकांना सगळं सांगितलं होतं. इसाक काका आमच्या होडीवर सगळ्यांत वडील, आपल्याच गावाकडचे. ते इतके दिवस गप्प होते. आज भाताचं ताट माझ्यापुढे सरकवत हळूच म्हणाले, "शिकवणीचं काय लिहिलंस?" मी सांगितलं. ते जाळ्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "तुला जाळ्याची गाठ मारायला कुणी आठवड्यातून एकदा शिकवलं होतं का रे?"

तुला आठवत असेल, आबांनी मला रोज संध्याकाळी चुलीपाशी बसवलं होतं. थोडाच वेळ. मी जांभई दिली की जाळं काढून घ्यायचे. महिन्याभरात हात आपोआप चालायला लागला. मला हे माहीत होतं ताई. वर उन्हाचं आणि शाळेचं लिहीत होतो तेव्हाही माहीत होतं.

"म्हातारीला कुणासाठी ठेवलंयस त्या थंड खोलीत?" काका म्हणाले. "तिकडे वीज सारखी जाते म्हणतात."

तूही वीज जाते म्हणून लिहिलं होतंस. ती ओळ मी भरभर वाचून टाकली होती.

आईला थंडी कधी सोसली नाही. हार्मटानचा कोरडा वारा सुटला की ती दोन लुगडी एकावर एक नेसायची आणि आपण चिडवायचो.

म्हणून हे माझं खरं मत समज. मास्तरांचं ऐक. रोज अर्धा तास, त्याच्यावर नाही. आधी नुसता डावा हात, मग दोन्ही. तू शेजारी बसू नकोस, तू उसासे टाकतेस, पोर घाबरते. जमलं की लगेच मामांना सांग. त्यांना आणखी थाटमाट करायचा असेल, तरी एका दिवसाचाही उशीर करू देऊ नकोस. माझ्यासाठी थांबू नका. मी येऊ शकत नाही.

दिवस ठरला की कळव. त्या दिवशी मी तांडेलला सांगेन की माझी आई वारली.

आता तुझ्या नि एकुआशिवाय कुणाचा नसलेला,
फिफी