खारफुटीला चहा लागतो का?

तीर्थरूप काकांना,

पुतणीचा वाकून नमस्कार (लेखीच, प्रत्यक्ष वाकलं की कमर ओरडते, का ते खाली कळेल). तुमचा गुडघा, काकूंचा रक्तदाब आणि बैठकीच्या भिंतीवरचं तुमचं सर्वेक्षणाबद्दलचं मानपत्र, तिघंही ठीक असतील अशी आशा. मी ठीक नाही. त्याला कारण तुम्ही.

खारफुटीच्या एका दुर्मीळ जातीचा नकाशा करायचं काम कचेरीत माझ्या गळ्यात पडलं आहे. पद्धत सोपी. झाड कुठेकुठे सापडलं त्या नोंदी संगणकाला द्यायच्या, जोडीला पाण्याचा खारटपणा, भरती-ओहोटी, चिखल, धक्क्यापासूनचं अंतर असले आकडे द्यायचे, की त्याचं मॉडेल सांगतं, हे झाड आणखी कुठे असू शकेल. नोंदी कुणाच्या? तुमच्या! तुम्ही सर्वेक्षक असताना अठरा वर्षं लिहिलेल्या वह्या, दोनशे चौदा झाडं, मोत्यासारखं अक्षर. "आमच्या काकांच्या वह्या" म्हणून मी त्या कचेरीभर मिरवल्या. मॉडेलने आठ दिवस घुरघुर करून निकाल दिला, की या झाडाला मिठाचं सोयरसुतक नाही, भरतीचं नाही. त्याला ओढ फक्त धक्क्याची, आणि धक्क्यावर आहे काय, तर चहाचं दुकान. साहेबांनी चष्मा काढून विचारलं, "खारफुटीला चहा लागतो का?" सगळी कचेरी हसली. मी आकडे पुन्हा तपासले, मॉडेल चार वेळा नव्याने चालवलं. चारही वेळा चहा.

हसण्यावारी नेता आलं असतं. पण सोमवारी हा नकाशा समितीपुढे जायचा आहे. जिथे रंग, तिथे झाडांना हात लावायचा नाही. जिथे कोरं, तिथे भराव टाकून ट्रक उभे करायचे. आणि पलीकडची अख्खी खाडी कोरी आहे, माझ्या शाळेतल्या गणिताच्या पेपरासारखी.

म्हणून काल स्वतःच गेले. धक्क्याची शेवटची पायरी उतरले आणि गुडघ्यापर्यंत रुतले. एक पाय काढावा तर दुसरा आत. नावाड्याने काखेत हात घालून मला मुळ्यासारखं उपटलं; डावा बूट खालीच राहिला (नवा होता. उजव्याचं आता काय करू?). वर हा नावाडी म्हणतो, "तुम्ही त्या सर्वेक्षकसाहेबांची पुतणी ना? शहाणा माणूस! कधी पायरी उतरले नाहीत. या बाकावर बसायचे, चहा मागवायचे, दुर्बीण लावायचे." काका, अठरा वर्षं! आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मॉडेल बिचारं खरं तेच सांगत होतं, फक्त झाडांबद्दल नाही, तुमच्याबद्दल. असा संताप आला म्हणून सांगू! तरीही मी हिंमत न सोडता पलीकडची खाडी गाठली आणि तिथे बारा झाडं मोजली. साहेब म्हणतात, दोनशे चौदांपुढे बारांना कोण विचारतं?

बाकी सगळं क्षेम. काकूंना नमस्कार.

तुमची (सध्या एका बुटाची)
पुतणी

ता. क. : मुद्दा राहिलाच. "सगळ्या नोंदी मी बाकावर बसून घेतल्या, पलीकडची खाडी पाहिलीच नाही" असं दोन ओळींत लिहून सहीनिशी शनिवारपर्यंत पाठवा. ती खाडी रिकामी नाही, कुणी बघितलेली नाही, एवढं तरी समितीला कळेल. मानपत्राचं मी काकूंशी बोलते.

आणखी एक ता. क. : पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. एका बुटाने कोण खाडी ओलांडतं? मी बाकावरच बसले होते. ती बारा झाडं नावाड्याने बोटांच्या पेरांवर मोजून सांगितली, मी लिहून घेतली. चहा खरंच चांगला आहे. खाण तशी माती, काका. तेव्हा चिठ्ठी लिहाच, पण ती घेऊन शनिवारी स्वतः या. ओहोटी दहाला आहे. गुडघ्याच्या वर येणाऱ्या बुटांचे दोन जोड आणा, आपण दोघंही पायरी उतरू. आणि दुकानापाशी मी "जरा बसू या" म्हटलं, तरी बसू नका.